दोन खड्ड्यांच्या मधली माती

२ जानेवारी २०२५

सौ. शीतल हीस,
अंगदचा आशीर्वाद, ठेवून घेतलास तर. वि. वि.

तर मी पळून आलो, हे तू आता तिसऱ्यांदा म्हणलीस. पळून आलेला माणूस दर महिन्याला अकरा हजार पाठवतो का? स्वतःचा पत्ता देतो का? पोरगी नऊ दिवसांची होऊन गेली, ती काय एकट्या तुझी होती? तिला जाऊन महिना व्हायच्या आत मी जालन्याहून गाडीत बसलो हे खरं आहे. पण घरात थांबून मी काय करणार होतो ते तू एकदा सांग. तू भिंतीकडं तोंड करून झोपायचीस, आबा शेतात जाऊन बसायचे, आई भांडी घासायची. घासलेलीच परत घासायची. मी कुठं जाऊन बसायचं होतं?

फोनवर हे बोलता येत न्हाई. तू एक बोलतीस, मी ओरडतो, तू रडतीस, आन् तेवढ्यात इथलं नेटवर्क जातं. मंग आठ दिवस मला वाटत राहतं की तू अजून रडूनच राह्यली. तूच म्हणलीस, फोन ठेवा, पत्र लिहा, कागदावर माणूस ओरडत न्हाई. घे मंग, सातवी नापासाचं अक्षर वाच. बारावी पास बाईला नवरा असा मिळाला, त्याला माझा इलाज न्हाई.

इथलं काम विचारलंस. अरुणाचलात ही नदी लई जोरात पळती. तिच्यावर धरण, धरणावर वीज, वीज न्यायला तारा, तारा धरायला टॉवर, टॉवरला खड्डे, आन् खड्ड्याला आम्ही. एका टॉवरला चार पाय, म्हणून चार खड्डे, दहा फूट खोल. घनसावंगीचा हरिओम माझ्या जोडीला आहे. तो ऊस तोडून आलेला, त्याला थंडी वाजत न्हाई. मला वाजती.

परवा मजा झाली. एक म्हातारी येऊन बराबर टॉवरच्या जागेला ठोकलेल्या आमच्या खुंटीवर बसली. उठंना. मुकादम म्हणला, उचला. मी आन् हरिओमनं दोन बाजूंनी धरून बांधावर नेऊन ठेवली. काहीच वजन न्हवतं. ती सारखी काहीतरी सांगून राह्यली होती, हातानं जमिनीकडं दाखवून. तिची बोली कुणालाच येत न्हाई. आम्ही हसलो आन् कामाला लागलो.

आपल्या डोंगरावर पण असाच वीज प्रकल्प येतोय, असं शेजारच्या भारतनं फोनवर सांगितलं. लाइन आपल्या हिवरमाळच्या शिवारातून जाणार म्हणे. मी ह्या कामातला माणूस आहे म्हणून सांगतो, ध्यानात ठेव. मोसंबीत टॉवर येऊ देऊ नको. सर्व्हेवाल्याला एखादी पडीक जागा दाखवून दे. पडीक दिसली की ते खूश असतात, भांडण न्हाई, भरपाई न्हाई, खुंटी ठोकून मोकळे.

आबाला नमस्कार. ते फोनवर येत न्हाईत ते त्यांच्याकडंच ठेवा म्हणावं, मी पण विचारत न्हाई.

राग कमी झाला तर लोभ असू दे. न्हाई झाला तर नुसतं पत्र लिही.

अंगद


१४ जानेवारी २०२५

श्री. अंगदराव यांना,
शीतलचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आज संक्रांत. तिळगूळ पाकिटात घातला तर मुंग्या आधी वाचतील म्हणून घातला नाही. गोड बोला एवढंच लिहिते, तुमच्याकडून होईल तेवढं.

तुमचं अक्षर आईंना वाचून दाखवलं. म्हणजे वाचलं मी, पण त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. म्हातारीला उचलल्याचं मी वाचलं नाही, गाळलं. ते मला मजेचं वाटलं नाही.

आता इकडचं सांगते. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. प्रकल्पाचे दोन साहेब नकाशा घेऊन आले होते. डोंगरावर एक तळं आणि पायथ्याला एक तळं. दिवसा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं, त्यावर वीज. आईंनी उभं राहून विचारलं की वर चढवायला पण वीजच लागत असेल ना, मग तीच का वापरत नाही. सगळी सभा हसली, पण साहेब पुन्हा नकाशाच उलगडून बघायला लागले. सरपंच साहेबराव म्हणाले, नंदाकाकूंना प्रकल्पावर नोकरीला घ्या. तेव्हापासून आई गावात मान ताठ करून चालतात.

ग्रामसेविका साधना मॅडमनी सगळं नीट समजावलं. आधी ग्रामपंचायतीची समिती शिवारफेरी करणार आणि प्रत्येक गटात काय काय आहे ते फॉर्मवर लिहिणार. मग ठराव, मग हरकती, आणि शेवटी प्रांतसाहेब स्वतः जागा बघणार. समितीत बायका हव्यात म्हणून मला घेतलं, आणि अक्षर चांगलं म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस पूर्ण शिवार फिरले. दोन वर्षांत मी इतकी माणसांत पहिल्यांदाच गेले.

आपल्या शेतात लाइन मोसंबीवरून येत होती. मी तुमचाच शब्द वापरला. म्हणाले, इतकी जागा असताना फळबाग कशाला, तो बाभळीकडचा कोपरा बघा, पडीक आहे. त्यांनी दुर्बीण लावून पाहिलं, लगेच जमलं. विहिरीच्या अंगाला चार चौकोन चुन्याच्या फक्कीने आखले, मधे खुंटी ठोकली. मोसंबीचं एक पान हललं नाही. शाबासकी द्या.

आबा तिथेच उभे होते. एकदाच म्हणाले, इथं नको. साहेबाने कारण विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. मी हसून म्हणाले की आमच्या आबांना पडीक जमिनीचं फार कौतुक, दोन हंगाम झाले तिथे तुरीचा दाणा टाकू देत नाहीत. सगळेच हसले. फॉर्मवर विहीर, झाडं, गोठा, देवस्थान, समाधी, दफनाची जागा असे रकाने होते. त्या कोपऱ्यापुढे मी लिहिलं, पड, इतर काही नाही. खाली पाच जणांच्या सह्या झाल्या, पहिली माझी.

एक विचारायचं होतं. शिवार फिरताना मनात येत होतं. तिला तुम्ही कुठे ठेवलं? मी दवाखान्यात टाक्यांनी पडून होते, घरी आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आईंना विचारलं की त्या म्हणतात, आईला ती जागा दाखवत नसतात, पुढचं लेकरू टिकत नाही. दोन वर्षं झाली, ऐकते आहे. या महिन्यात फार आठवण येते. तुम्ही तरी सांगा.

लोभ तुमच्याकडे आहेच असं धरून चालते.

शीतल


२७ जानेवारी २०२५

सौ. शीतल हीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र परवा मिळालं. जल्दीत लिहून राह्यलोय, हरिओम उद्या खाली पोस्टात जाणार आहे.

तो कोपरा नको. मी पडीक म्हणलो ते नाल्याकडच्या मुरमाच्या पट्ट्याला. बाभळीचा कोपरा माझ्या डोक्यातसुद्धा आल्ता न्हाई. तिथली खुंटी काढायला लाव. साधना मॅडमला भेट, साहेबराव काकांना भेट. काहीही कारण सांग. पाणी लागतं म्हण, जमीन खचती म्हण. पण तिथं नको.

आन् एक काम कर. बाभळीच्या बुडाला पाठ लावून उभी राहा आन् विहिरीकडं सरळ चालत जा. फक्कीचा पहिला चौकोन किती पावलांवर सुरू होतो आन् किती पावलांवर संपतो ते मोज. तुझी पावलं न्हाई, आबाला चालायला लाव. आकडा मला कळव.

का म्हणून विचारू नको.

बाकी बरं आहे. इथं तीन दिवस पाऊस आहे, खड्ड्यात पाणी भरतं, ते उपसून परत खणायचं. जेवणात रोज बटाटा.

अंगद


८ फेब्रुवारी २०२५

श्री. अंगदराव यांना,
नमस्कार. वि. वि.

मी माणूस आहे का खुंटी? आधी म्हणायचं पडीक दाखव, मग म्हणायचं नको, वर म्हणायचं विचारू नको. पाच जणांच्या सह्या झालेला कागद मी कोणत्या तोंडाने परत मागू? पाणी लागतं म्हण, म्हणता. तिथे उन्हाळ्यात ढेकूळ फुटत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

पावलं मोजली. आबांना म्हणाले, तुमच्या लेकाने सांगितलंय, चाला. ते विचारतील असं वाटलं होतं. काही न विचारता बाभळीला पाठ लावून उभे राहिले आणि चालले, जसं काही रोजचंच आहे. चौकोन सहाव्या पावलाला सुरू होतो, नवव्याला संपतो. सातव्या पावलावर आबा थांबले आणि पुढचं मी मोजलं.

आता मला गावात काय ऐकावं लागलं ते ऐका. आबांनी मला न सांगता ग्रामपंचायतीत हरकत दिली. अर्ज कुणाकडून तरी लिहून घेतला, खाली अंगठा. टॉवरला हरकत आहे, एवढंच. कारणाचा रकाना रिकामा. ठरावाच्या सभेत सगळ्या हरकती वाचून दाखवल्या. कुणाची विहीर, कुणाची वाट, भारतभाऊजींनी तर बैल बुजतील असं लिहिलं होतं. आबांचा नंबर आला तेव्हा साधना मॅडमनी दोनदा विचारलं, बद्रीनाथ काका, कारण सांगा, मी लिहून घेते. आबा उभे राहिले आणि खाली बसले. मागून कुणीतरी म्हणालं, सून म्हणते हो, सासरा म्हणतो नको, आधी घरात ठराव करून या. मी मान वर केली नाही. शेवटी गावाने काही अटी घालून प्रकल्पाला होकार दिला. आबांच्या अर्जावर शेरा पडला, कारण नाही, सबब अमान्य. हरकतीची मुदत वीस तारखेला संपते. तीन मार्चला प्रांतसाहेब जागा बघायला येणार आहेत, त्यानंतर खड्डे.

मागच्या रविवारी तुमचा फोन आला होता. मी चार वेळा हॅलो म्हणाले. तुमचा श्वास ऐकू येत होता, नेटवर्क नव्हतं असं सांगू नका.

काल दुपारी भाकरी घेऊन शेतात गेले तर आबा त्या चौकोनाजवळ टोपी काढून बसले होते. ओठ हलत होते. मला बघून उठले आणि खुरपं शोधत असल्यासारखं करायला लागले. तुम्ही दोघं बापलेक माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. मला चार ओळीत कारण लिहून पाठवा. खरं असेल तर मी तहसीलपर्यंत जाईन. कारण नसेल तर मला पुन्हा असलं पत्र लिहू नका.

शीतल


१८ फेब्रुवारी २०२५

शीतल,

वर काय लिहायचं ते सुचलं न्हाई म्हणून नुसतं नाव लिहिलं.

सातव्या पावलावर ती आहे.

हे मला फोनवर सांगायचं होतं. खाली बाजारात येऊन फोन लावला. तू हॅलो म्हणलीस. तुझा आवाज खुशीत होता, मागं कुणीतरी बाया हसत होत्या. माझ्या तोंडातून शब्द आला न्हाई.

आता सगळं सांगतो. पुढचं लेकरू टिकणार न्हाई असं आई म्हणती. मला आता त्याचं भ्याव वाटत न्हाई, तुझं वाटतं. त्या दिवशी जालन्याहून जीप केली. आबानं तिला मांडीवर घेतलं होतं, तुझ्याच पिवळ्या ओढणीत. जाफराबादच्या पुढं रस्ता खराब आहे, आबा सगळ्या रस्त्यानं हात खाली धरून बसले, तिला धक्का लागू नये म्हणून. डायव्हरला वाटलं लेकरू झोपलंय. त्यानं आपणहून गाणी बारीक केली.

खड्डा मी खणला. कमरेइतका. तेव्हा मला खणायची सवय न्हवती, हाताला फोड आले. आबानं मीठ टाकलं. वर बाभळीचे काटे टाकले, त्याच्यावर दगड, कुत्र्यांसाठी. तू घरी यायच्या आधी आबानं जाऊन दगड पण काढले, तुला कळू नये म्हणून. आम्ही दोघांनी दोनच गोष्टी ठरवल्या. तिथं नांगर लावायचा न्हाई आन् तिथं खूण ठेवायची न्हाई. त्या दोन्हीची मिळून सरकारच्या कागदावर पड झाली.

तू लिहिलंस, इतर काही नाही. ते तुझ्या हातानं लिहून झालं त्यात तुझी काही चूक न्हाई. मीच म्हणलो पडीक दाखव. मला माझ्याच शेताचा तो कोपरा आठवला न्हाई. तो आठवू नये म्हणून तर मी इतक्या लांब आलो. तू पळून आला म्हणतीस ते बराबर आहे. आता चौथ्यांदा म्हणू नको, मीच म्हणलो.

त्या म्हातारीला मी उचलून ठेवली होती. तुझं पत्र आल्यावर परत तिथं गेल्तो. टॉवर उभा राह्यलाय. म्हातारी दिसली न्हाई. तिची बोली मला अजून येत न्हाई, पण ती काय सांगत होती ते मला कळलं.

आता नीट वाच, हे एवढंच मला येतं. टॉवरचे चार पाय, चार खड्डे. खुंटी मधी. खड्ड्यातली माती दहा फूट जाती, पण दोन खड्ड्यांच्या मधल्या मातीला कुणी हात लावत न्हाई. तुझ्या मापानं ती बराबर बांधाकडच्या, बाभळीच्या अंगाच्या खड्ड्यात येती. हे पत्र पोचेपर्यंत मुदत संपलेली असंल, म्हणून साहेब टॉवर दुसरीकडं न्यायला तयार होणार न्हाई. लाइन वाकवायला परत सर्व्हे लागतो. पण लाइनीच्याच रस्त्यानं, बाभळीकडं, पंधरा फूट सरकव म्हणावं. तारा तिथंच राहतात, कुणाची जमीन बदलत न्हाई. मंग ती जागा दोन पायांच्या मधी येती. कुणी खणणार न्हाई. सर्व्हेवाल्याला पंधरा फूट म्हण, त्याला कळंल.

टॉवर तिच्या डोक्यावर राहील. त्याला माझ्याकडं उपाय न्हाई. पण मातीला कुणी शिवणार न्हाई.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. तीन तारखेच्या आत मिळावं.

आबाला काही बोलू नको. त्यांना माझ्या आधी माहीत होतं की हे लपणार न्हाई.

अंगद


५ मार्च २०२५

अंगद यांस,

पत्र सत्तावीसला मिळालं. पोस्टमन शेतातच भेटला. विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडतं त्या कठड्यावर बसून वाचलं.

रडले नाही. उठले आणि बाभळीपाशी गेले. आबा तिथेच होते. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला, सरकून बसले आणि शेजारची जागा हाताने झाडून दिली. मी बसले. दोन वर्षांत मी त्या जागेवरून कितीदा गेले असेन. पाटाचं पाणी मोडायला, सरपण आणायला. तिथे डबा सोडून जेवले आहे. मागच्या पावसाळ्यात मीच आबांशी भांडले की एवढी जागा वाया घालवता. ते तुम्ही मला करू दिलं. तुमच्या दोन गोष्टी ठरल्या त्यात तिसरी माझी नव्हती, कारण मला कुणी विचारलं नाही. हे मी आत्ता लिहून ठेवते, पुन्हा म्हणणार नाही.

तीन तारखेला प्रांतसाहेब आले. सोबत सर्व्हेवाले, साधना मॅडम, साहेबराव काका, अर्धं गाव. मी सांगितलं, इथे माझी मुलगी आहे. पुढे आलेले सगळे दोन पावलं मागे सरकले. सभेत हसणारे पण त्यात होते. साहेबांनी शांतपणे विचारलं की फॉर्मवर काही नाही असं लिहिलंय, ते कुणी लिहिलं. मी म्हणाले, मी. मग त्यांनी विचारलं की पुरावा काय. दवाखान्याचा कागद दाखवला. त्यावर ती गेल्याची तारीख आहे, जागा कशी असणार? सर्व्हेवाल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला की दोन फावडी मारली तर लगेच कळेल. मी म्हणाले, तुम्ही बघण्यासाठी खणणार असाल तर मग वाचवायचं काय उरलं? साहेबांनी त्या माणसाला मागे व्हायला सांगितलं.

मग आबा पुढे आले. जबाब देतो म्हणाले. साधना मॅडमनी लिहून घेतलं. तुमच्या पत्रात आहे तेच सगळं, जीप, ओढणी, मीठ. आबा एकदाही अडखळले नाहीत. फॉर्मवर नावाचा रकाना होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बारसं झालंच नव्हतं, मी काय सांगणार. रिकामा ठेवा म्हणणार होते, तेवढ्यात आबा म्हणाले, बेबीनंदा. मॅडमनी पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, दवाखान्याच्या कागदावर नुसतं बेबी होतं, पुढचं मी तिच्या आजीचं लावलं, हाक मारायला काहीतरी पाहिजे. दोन वर्षं ते तिथे बसून तिच्याशी त्या नावाने बोलत होते. आई मागे उभ्या होत्या. त्यांनाही माहीत नव्हतं.

पंधरा फुटाचं मी सांगितलं. सर्व्हेवाल्याने दुर्बिणीतून बघितलं, टेप धरला आणि साहेबांना म्हणाला, होतं, तारांना फरक नाही. मग मला विचारलं की हे तुम्हाला कुणी सांगितलं. मी म्हणाले, मालकांनी, ते हेच खड्डे खणतात. त्याने टेप गुंडाळला. जुनी फक्की मी पायाने पुसली. फॉर्मवर जिथे मी काही नाही लिहिलं होतं ते खोडून त्याच अक्षरात लिहिलं, लहान मुलीचं दफन, आणि बाजूला सही केली.

टॉवर तिथेच होणार. बाभूळ तोडणार आहेत, ती तारांखाली येते. दुसरं झाड लावू देणार नाहीत, नुसतं गवत. म्हणून मी विहिरीच्या थारोळ्यापासून मोजून ठेवलं आहे. एकेचाळीस पावलं, माझी.

आबांना विचारलं, तिचं डोकं कोणत्या बाजूला आहे. आठवत नाही म्हणाले. जीपमधली गाणी आठवतात आणि हे आठवत नाही? मला वाटतं त्यांनी ते तुमच्यासाठी ठेवलं आहे.

पैसे पाठवू नका. येऊन दाखवा.

शीतल


१७ मार्च २०२५

सौ. शीतल हीस,
आशीर्वाद न्हाई, आज नमस्कारच. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मंग हरिओमला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, घडी करून परत दिलं आन् दोन दिवस माझ्या वाटणीचं पाणी तोच भरून राह्यला.

बेबीनंदा. मी हे नाव चार वेळा लिहून बघितलं, तेव्हा कुठं नीट आलं. आबा फोनवर येत न्हाईत म्हणून मी इतके दिवस फुगून बसलो होतो. त्यांना जिच्याशी बोलायचं होतं तिच्याशी ते बोलतच होते.

आई काय म्हणली नावावर, ते तू लिहिलं न्हाई. तिला सांग की लई चांगलं नाव आहे.

मी खड्ड्याचं काम सोडलं. मुकादम म्हणला, येडा झालास का, त्यातच पैसा आहे. मी म्हणलो, दुसरं काही दे. आता सिमेंटच्या गोण्या उतरवतो, रोजाला निम्मे मिळतात. खुंटीपाशी कुणी येऊन बसलं की बाकीचे आता मला हाका मारत न्हाईत, कारण मी उचलायला येत न्हाई आन् कुणाला उचलू पण देत न्हाई. एकदा भांडण झालं. फार टिकंल असं वाटत न्हाई इथं.

बाभूळ तोडतील तेव्हा बुंध्याचा एक तुकडा ठेवून घे. काही करायचं न्हाई त्याचं. नुसता गोठ्यात टाक.

तुला मी काही मागायच्या लायकीचा न्हाई. पण माझं दोन वर्षांचं ओझं होतं ते तुला एका पत्रात द्यावं लागलं, आन् तू ते एकटीनं साहेबापुढं मांडलंस. मी तिथं असतो तर माझ्यानं झालं असतं का, हे मी गोणी उतरवताना रोज विचारतो.

डोकं कोणत्या अंगाला आहे ते मला ठावं आहे. ते मी कागदावर लिहीत न्हाई. तिथं उभं राहून सांगीन. येतो म्हणून तारीख पण लिहीत न्हाई, माझ्या तारखा तुला माहीत आहेत.

आबाला सांग, टोपी घालून बसत जा, उन्हाळा लागला. माझ्यावर लोभ ठेवायचा का ते तुम्ही तिघं मिळून ठरवा, ठराव झाला की कळवा.

अंगद

ता. क. पैसे पाठवू नको म्हणलीस, ते ऐकलं न्हाई. दरवेळचे अकरा न्हाईत. काम बदललं म्हणून कमी झाले, आन् जालन्यापर्यंतच्या तिकिटाचे हरिओमकडं ठेवायला दिले, माझ्याकडून खर्च होऊ नये म्हणून. उरले ते तीन हजार सहाशे चाळीस.